कावेरीकाठचे वाटाडे

इ. स. १७९१ च्या नोव्हेंबर महिन्यात तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीतल्या डाल्डोर्फ नावाच्या एका लेफ्टनंटाला तळ्याकाठच्या ताडाच्या बुंध्यावर, पाण्यापासून सुमारे पाच फूट उंचीवर, एक जिवंत मासा सापडला. तो नुसता अडकून पडलेला नव्हता. कल्ल्यांच्या झडपांवरील काटे सालीच्या खाचांत रुतवून तो आणखी वर सरकू पाहत होता. डाल्डोर्फचा हा वृत्तान्त लंडनच्या लिनियन सोसायटीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मासा झाडावर चढतो की नाही, याविषयी युरोपातील पंडितांत जो वाद सुरू झाला तो पुढे कित्येक वर्षे मिटला नाही. मौज अशी की, ज्या बातमीला लंडनच्या छापखान्यापर्यंत पोचण्यास सहा वर्षे लागली, ती कावेरीकाठच्या तमिळ भाषेत त्या माशाच्या नावातच साठवलेली आहे. ‘पनै’ म्हणजे ताड आणि ‘येरी’ म्हणजे चढणारा. हा मासा ‘पनैयेरी’.

प्राणिशास्त्रज्ञ बी. के. दास यांनी १९२७ मध्ये या प्रश्नाचा बराचसा उलगडा केला. हा मासा हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे सरपटत जातो, हे खरे. परंतु झाडावर तो सापडतो तो बहुधा कावळ्याच्या किंवा घारीच्या तावडीतून सुटून पडलेला असतो. म्हणजे नाव अर्धे खरे ठरले. पण अर्धे खरे नावदेखील कोणीतरी तळ्याकाठी पुष्कळ वेळ उभे राहून पाहिल्याखेरीज पडत नाही. तंजावरच्या मुलखात जीवसृष्टीची ओळख ज्यांनी ज्यांनी करून घेतली, मग ते पाद्री असोत, वैद्य असोत की प्रत्यक्ष छत्रपतींच्या कुळातील राजा असो, त्यांच्यापुढे असा कोणीतरी वाटाड्या चालत होता. त्याचे नाव बहुतेक ठिकाणी कागदावर उतरलेले नाही.

या मुलखाची घडणच अशी की, वाटाड्यावाचून येथे काही दिसत नाही. तिरुच्चिरापळ्ळीच्या वरच्या अंगाला मुक्कोम्बू येथे कावेरीपासून कोळ्ळिडम फुटते. पुढे करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेल्या कल्लणै बंधाऱ्यापाशी पाणी वेण्णारात आणि कालव्यांत वाटले जाते, आणि तेथून समुद्रापर्यंत भाताची सपाट शेते, तळी, नारळ-ताडांच्या रांगा यांखेरीज दुसरे काही आढळत नाही. सह्याद्रीच्या माणसाला अरण्य म्हटले की डोंगर आठवतो. तंजावरच्या गावांत डोंगर नाही आणि किनाऱ्यावरील कोडिक्करैसारखी जागा वगळली, तर रानही नाही. जे काही वन्य आहे ते बांधावरच्या बिळात, तळ्याच्या चिखलात, ताडाच्या झावळीत आणि खाडीच्या दलदलीत दडलेले. ते पाहायचे तर कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या बांधावर उभे राहावे, हे सांगणारा माणूस बरोबर लागतो.

तरंगंबाडी हे बंदर डेन्मार्कच्या लोकांना तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून १६२० मध्ये मिळाले. १७०६ पासून तेथे जर्मन पाद्र्यांचे मिशन होते, आणि १७६८ मध्ये लिनियसचा शिष्य असलेला योहान केनिग हा वैद्य त्या मिशनवर दाखल झाला. वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची लिनियसची पद्धत कावेरीच्या मुखाशी आली ती त्याच्याबरोबर. परंतु त्या पद्धतीचा संसार तेथे थाटला तो १७७१ मध्ये आलेल्या ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन या पाद्र्याने. जॉन शाळा चालवी, प्रवचने करी, आणि उरलेल्या वेळात शंख, शिंपले, पोवळी, साप आणि मासे जमवी. जमवलेले मासे तो बर्लिनला मार्कस ब्लॉख या वैद्याकडे पाठवी. ब्लॉखने हिंदुस्थान कधी पाहिला नाही; कावेरीच्या मुखाशी सापडणारे मासे तो ओळखत होता ते हजारो कोसांवरून आलेल्या निर्जीव नमुन्यांवरून. दुरून शिकण्याचा हा प्रकार आज वाटतो तितका नवा नाही.

ब्लॉखने कृतज्ञतेने माशांच्या एका गणाला ‘जॉनियस’ असे नाव दिले. आपल्याकडचे घोळ आणि ढोमी ज्या कुळातले, त्याच कुळातला हा गण. त्यातील एका जातीला त्याने १७९३ मध्ये ‘कारुट्टा’ असे विशेषण लावले. लॅटिन कोशात हा शब्द शोधून उपयोग नाही. तो तमिळ ‘करुत्त’, म्हणजे काळा, होय. किनाऱ्यावरचा कोणी कोळी जाळ्यातील मासा वर उचलून ‘करुत्त’ असे म्हणाला असला पाहिजे. तो शब्द जॉनच्या टिपणातून बर्लिनला गेला आणि तेथून जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचा बसला. त्या शास्त्रीय नावात पाद्र्याचे नाव आहे आणि कोळ्याचा शब्द आहे. कोळ्याचे नाव नाही. महाराष्ट्रात ज्याला मांडूळ किंवा दुतोंड्या म्हणतात, आणि ज्याच्याविषयीच्या खुळ्या समजुतींपायी आजही त्याची चोरटी विक्री होते, त्या सापाच्या शास्त्रीय नावातही हाच जॉन आहे. पॅट्रिक रसेलने १८०१ मध्ये ते नाव दिले. आपल्या शेतातल्या लाल होल्याच्या लॅटिन नावात तर तरंगंबाडी हे गावच आहे.

तरंगंबाडीपासून तंजावर सुमारे शंभर किलोमीटर. तेथे १७९८ मध्ये सरफोजी राजे, इतिहासात ज्यांना दुसरे सरफोजी म्हणतात ते, गादीवर बसले. त्यांचे बालपण श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली गेलेले. इंग्रजी आणि पाश्चात्त्य विद्यांची गोडी तेथेच लागलेली. पण गादी मिळून पुरते दीड वर्षही झाले नाही तोच, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे तंजावरचा किल्ला व भोवतालची थोडी जागा एवढेच उरले. ज्याला मुलूख जिंकायचा नाही, राखायचा नाही, त्याचा वसूलही करायचा नाही, अशा राजाने करावे काय? व्यसनात बुडालेल्या संस्थानिकांची उदाहरणे इतिहासात पैशाला पासरी आहेत. सरफोजींनी पुस्तके घेतली, शस्त्रवैद्यकाची हत्यारे घेतली, आणि जो मुलूख हातचा गेला होता त्यातील पक्षी, प्राणी, वनस्पती यांची नीट ओळख करून घेण्याचे काम आरंभले. सरस्वती महालातील अनेक युरोपीय ग्रंथांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आजही पाहावयास मिळते. मार्च १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबरने आपल्या लेखनात नमूद केले आहे की, हा राजा लाव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो. हेबर त्यानंतर काही दिवसांतच तिरुच्चिरापळ्ळीस वारला.

जॉन आणि सरफोजी यांचा परस्परांशी पत्रव्यवहार होता आणि त्यांच्यात पुस्तके, नमुने, चित्रे यांची देवघेव होई. राजवाड्यात पशुपक्ष्यांचा संग्रह होता, शिकारी ससाणे पाळलेले होते, आणि दरबारच्या चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवून घेतली जात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तंजावरचे चितारी सोन्याचा वर्ख लावून देवादिकांची चित्रे काढण्यात वाकबगार होते. त्यांच्या चित्रातील गरुड हा विष्णूचे वाहन असे. त्याच घराण्यांतील हातांना आता पिसाचा नेमका रंग, चोचीचा बाक, पायाच्या नखांची संख्या टिपावयाची होती. सरस्वती महालात गजशास्त्राची आणि अश्वशास्त्राची सचित्र हस्तलिखिते आहेत. त्यांतील हत्तीघोडे लक्षणांचे आहेत, शुभाशुभाचे आहेत. सरफोजींच्या चित्रसंग्रहातील पक्षी कोणत्याही लक्षणाचा नाही. तो समोर बसलेला तो एकटा पक्षी आहे. जुन्या शास्त्राला हलके लेखण्याचे कारण नाही, पण नजरेतील हा फरक फार मोठा आहे.

अशा चित्रांचा एक संग्रह सरफोजींनी तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला भेट दिला. टॉरिनने पुढे इंग्लंडमधून राजासाठी पुस्तके धाडण्याचे काम केले. तो संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रे तेथे सुखरूप राहिली, याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु ज्या गावांतून ते पक्षी पकडून आणले गेले, त्या गावांतील मुलांना ती पाहावयास मिळाली नाहीत, हेही तितकेच खरे.

वास्तविक तसे होण्याची साधने तंजावरला त्या काळी एकत्र आली होती. सरफोजींनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला, आणि १८०६ मध्ये त्यातून ‘बालबोधमुक्तावली’ हे पुस्तक निघाले. इसापाच्या कथांचे हे मराठी रूपांतर सख्खण पंडितांनी केले होते, आणि मराठीतील आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. ओरत्तनाडू येथे १८०२ मध्ये मुक्तांबाळच्या नावाने काढलेल्या छत्रात अन्नदानाबरोबर विद्यादानही चाले. म्हणजे छापखाना होता, शाळा होती, राजाच्या पदरी चित्रकार होते आणि मराठी जाणणारे पंडित होते. पण छापखान्यातून जे प्राणी बाहेर पडले ते इसापाचे; बोलणारा कोल्हा, फसणारा कावळा, गर्विष्ठ सिंह. तंजावरच्या तळ्यातला पाणकावळा आणि बांधावरची टिटवी चित्रकाराच्या कागदावर राहिली, छापाच्या खिळ्यांपर्यंत आली नाही. मराठीत सृष्टिविज्ञानाचे पहिले पुस्तक कावेरीकाठी निर्माण होऊ शकले असते. ते झाले नाही, आणि ही चुटपुट सरफोजींविषयी पुरेसा आदर बाळगूनही व्यक्त केली पाहिजे.

तथापि गावच्या माणसाला वाटाड्याचा मान देणारी एक जागा त्या दरबारात होती, आणि ती ग्रंथालयात नव्हती, रंगभूमीवर होती. तमिळ साहित्यात ‘कुरवंजी’ नावाचा नाट्यप्रकार आहे. एखादी नायिका देवाची किंवा राजाची स्वारी पाहून विरहव्याकुळ होते; तेव्हा हातात काठी आणि कमरेला टोपली घेतलेली एक कुरत्ती, म्हणजे डोंगरातून आलेली भविष्य सांगणारी स्त्री, तेथे येते. हात पाहण्याआधी नायिका तिला विचारते, तुझा डोंगर कोणता, तुझा देश कसा? मग कुरत्ती आपल्या डोंगराचे वर्णन गाऊ लागते. कोठे वानरे फळे फेकतात, कोठे कोणता कंद उकरावा, कोणत्या झऱ्याकाठी काय उगवते, हे सारे ती सांगते. उत्तरार्धात तिला शोधत तिचा नवरा येतो. तो पक्षी पकडणारा. कोणता पक्षी कोठे चरतो, कोणत्या शेतात उतरतो, जाळे कसे लावावे, हे तो पाखरांच्या नावांसह सांगत रंगभूमीभर फिरतो. वाड्याबाहेर न पडलेल्या राजस्त्रिया आणि सरदार जागच्या जागी बसून त्याच्या मागोमाग शेतेतळी हिंडून येत. शिवक्कोळुंदु देशिकर यांनी सरफोजींवर रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात होत असे. ज्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी इतिहास कोरला गेला, त्याच देवळात.

सरफोजींनी हाच नाट्यप्रकार मराठीत आणला. शहाजी राजांपासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, तंजावरला मराठी नाटके रचली जात होती. विष्णुदास भाव्यांचे सांगलीतील ‘सीतास्वयंवर’ १८४३ चे, हे ध्यानात घेतले म्हणजे या परंपरेचे वय कळते. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरत्ती डोंगराचे वर्णन करीत नाही, पृथ्वीचे करते. खंडे, देश, समुद्र, नगरे ती एकामागून एक गाऊन दाखवते. नवा भूगोल शिकवण्यासाठी राजाने कोणी शास्त्री किंवा साहेब रंगभूमीवर आणला नाही. त्याने टोपलीवाली कुरत्ती आणली. लोकांना ठाऊक होते की, दूरची वाट सांगणारी माणसे असतात ती अशीच असतात. सरफोजींचा बालमित्र, तंजावरचा ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री याने ‘बेथलेहेम कुरवंजी’त हीच वाट धरली, हा योगायोग नव्हे, दोघेही एकाच गुरूच्या हाताखालचे.

मराठी श्रोत्याला कुरत्ती अगदीच परकी वाटू नये. पहाटे दारात येणारा पिंगळा, कुडमुडे वाजवीत पंचांग सांगणारा जोशी, ही तिचीच भावंडे. पिंगळा हे तर एका लहानशा घुबडाचे नाव. त्याची भाषा ज्याला कळते तो माणूसही पिंगळाच. पाखरू आणि पाखराचा जाणकार यांना एकाच नावाने हाक मारणारी आपली भाषा आहे. तमिळमधील पक्ष्यांची नावे या दृष्टीने ऐकण्यासारखी आहेत. आपण जिला तिच्या ओरडण्यावरून टिटवी म्हणतो आणि तिचे ओरडणे अशुभ मानतो, तिला तमिळ शेतकरी ‘आळकाट्टी’ म्हणतो. म्हणजे माणूस दाखवून देणारी. रात्री शेतात कोणी शिरले की ती ओरडते आणि राखणदार जागा होतो. तळ्याकाठी मान आखडून निश्चल उभ्या राहणाऱ्या मातकट बगळ्याला मराठीत वंचक म्हणतात, तमिळमध्ये ‘कुरुट्टु कोक्कु’, म्हणजे आंधळा बगळा. माणूस अगदी जवळ येईपर्यंत तो हलत नाही, म्हणून आंधळा; आणि एकाएकी पांढरेशुभ्र पंख उघडून उडतो, म्हणून फसवा. एकाच पक्ष्याला दोन काठांवरून पाहिल्यासारखी ही दोन नावे आहेत.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. १८५५ मध्ये औरस पुत्राच्या अभावी तंजावरची गादी खालसा झाली. ग्रंथालय मात्र वाचले, आणि १९१८ पासून सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. राजवाड्यातील संग्रह, ससाणे, चितारी यांची पांगापांग झाली. पुढील शंभर वर्षांत या मुलखातील जीवसृष्टीचा अभ्यास झाला तो मुख्यतः बंदूक आणि नोंदवही घेऊन फिरणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडून. त्यांच्याही पुढे कोणीतरी चालत होताच.

विसाव्या शतकात लक्ष वेधले गेले ते कोडिक्करैकडे. कावेरीचा मुलूख जेथे समुद्रात टोकासारखा घुसतो, तेथे हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पाणपक्षी आणि रोहित दलदलीत उतरतात, आणि मागच्या रानात काळवीट चरतात. सलीम अली यांनी १९६२ मध्ये या जागेचे महत्त्व निदर्शनास आणले. १९६७ मध्ये ते अभयारण्य झाले, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे काम दीर्घकाळ केले. कडी घालण्यासाठी पक्षी जिवंत पकडावा लागतो, आणि तो इजा न करता पकडण्याची कला विद्यापीठात शिकवली जात नाही. पारध्यांची विद्या येथे विज्ञानाच्या कामी उघडपणे लागली. पण त्याच सुमारास, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी पकडणे हा गुन्हा ठरला. कायदा आवश्यक होता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तरीही ज्यांच्या जातीचे नावच ‘कुरुविक्कारन’, म्हणजे पाखरेवाला, त्यांना दुसऱ्या दिवशी काय करावे हे कोणी सांगितले नाही.

या शतकातील हकीकत निराळी आहे. २०१५ पासून तमिळनाडूतील पक्षिप्रेमी पोंगलच्या चार दिवसांत जागोजागचे पक्षी मोजून त्यांच्या याद्या संगणकावर नोंदवितात. २०२० मध्ये साथीमुळे घराबाहेर पडणे बंद झाले, तेव्हा देशभरातील निसर्गमंडळांनी फेरफटके मोबाइलच्या पडद्यावर आणले. मार्गदर्शक बांधावर उभा राहून पक्षी दाखवी आणि शिकणारा घरी बसून प्रश्न विचारी. याला केवळ करमणूक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ब्लॉखचे स्मरण करावे आणि कुरवंजीचेही. घरात बसून रान पाहण्याची रीत या मुलखाला जुनीच आहे. खरा प्रश्न पडद्याचा नाही, तो पडद्यापलीकडे कोण उभे आहे याचा आहे. शहरातील जाणकार पुस्तकातील नाव सांगत असेल, तर गावच्या मुलाला आपल्याच तळ्यातला वंचक परक्या नावाने कळेल, आणि आजीने सांगितलेला आंधळा बगळा तोच, हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. उलट गावची एखादी मासे विकणारी बाई पडद्यावर उभी राहिली, तर शहरातील शंभर घरांना ‘पनैयेरी’ हा शब्द एका सकाळीत कळेल.

असे थोडे घडू लागले आहे. वडुवूर आणि उदयमार्तंडपुरम या तलावांना २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. दोन्ही तलाव शेतीच्या पाण्याचे आहेत. नरिकुरवन आणि कुरुविक्कारन यांचा समावेश अनुसूचित जमातींत जानेवारी २०२३ मध्ये झाला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत, पाल्कच्या उपसागरात, ४४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र समुद्रगायीसाठी राखून ठेवण्यात आले. समुद्रतळाचे गवत खाऊन जगणाऱ्या या लाजाळू प्राण्याला कोळी ‘कडल पसु’ म्हणतात, शब्दशः समुद्रगाय. नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून सरफोजींनी बांधलेला मनोऱ्याचा किल्ला याच किनाऱ्यावर उभा आहे. त्याच्या समोरच्या पाण्यात ही गाय कोठे चरते, कोणत्या वाऱ्यात काठाजवळ येते, जाळ्यात सापडली तर दोर कोठे कापावा, हे येथल्या कोळ्यांना ठाऊक आहे. तिला जाळ्यातून सोडविणाऱ्या कोळ्यांचा आता वनखात्याकडून जाहीर सत्कार होतो, आणि त्या वेळी त्यांची नावे वाचून दाखविली जातात.